आबांचा कोट

मेल आला तेव्हा मी परत आलेल्या मालाच्या ढिगापुढं उभी होते. वाळूजच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि त्यातला कुठला चांगला, कुठला टाकाऊ, हे ठरवणाऱ्या विभागाची मी प्रमुख आहे. म्हणजे दिवसभर ‘नाही’ म्हणण्याचा पगार घेते. मेलमध्ये लिहिलं होतं की परदेशातले ग्राहक येणार आहेत, स्वागतकक्षाच्या भिंतीवर सगळ्या विभागप्रमुखांचे फोटो लागणार आहेत, तरी प्रत्येकानं चांगल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून द्यावा. खाली कपड्यांच्या सूचना होत्या. गडद ब्लेझर, आत फिकट शर्ट, नक्षी नको, चौकडा नको, दागिने कमी, हसू माफक. ते ‘हसू माफक’ वाचून मला खरोखरच माफक हसू आलं.

हाच मेल तिशीत आला असता तर मी आठवडाभर आरशासमोर उभी राहिले असते. तेव्हा हौस होती आणि कुणी फोटो मागत नव्हतं. आता पन्नाशी उलटली, पाय संध्याकाळी सुजतात, बसमध्ये बसल्याबरोबर डोळा लागतो, आणि आता यांना माझा चेहरा भिंतीवर हवा आहे. कंपनीत मी वर्षानुवर्षं पंजाबी ड्रेसवर करडा एप्रन घालते. माझा खरा वेष तोच. पण एप्रन चालेल का असं विचारल्यावर ऑफिसातल्या मुलीनं इतक्या प्रेमानं ‘नको ना मॅडम’ म्हटलं की मी विषय सोडून दिला.

शुक्रवारी रात्रीची भांडी आवरून मी कपाट उघडलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. साड्या होत्या, पण साडीवर ब्लेझर घातला की मी बँकेची जाहिरात दिसते. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. तिनं मला एकेक कपडा अंगाला लावून दाखवायला सांगितलं आणि प्रत्येकाला नाक मुरडलं. मग तिला आठवलं की कॉलेजच्या मुलाखतींसाठी घेतलेला तिचा निळा ब्लेझर वरच्या कप्प्यात पडून आहे. तो काढला, घातला. दंडात बसला, कमरेत बसला आणि खांद्यांवर येऊन घोडं अडलं. पाठीत शिवण करकरली.

माझे खांदे आबांचे आहेत. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ब्लाउज शिवणारी प्रत्येक बाई खांद्यांचं माप घेताना टेप दोनदा लावते आणि माझ्याकडं बघते. लग्नाआधी याचं मला फार वाईट वाटायचं. पुढं कामाच्या रगाड्यात खांद्यांचं वाईट वाटायला वेळ मिळाला नाही.

माय पलंगाच्या कडेला बसून सगळं बघत होती. आईला आम्ही मायच म्हणतो. लासूर स्टेशनला भाऊ आहे, घर आहे, शेती आहे, पण त्या घराला पायऱ्या फार. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माय आमच्याकडं शहरात असते. ती कमी बोलते. मुलीचा फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं,

“कोट घालतीस व्हय?”

“घालावा लागतोय.”

“तुझ्या बापालाबी घातला व्हता,” ती म्हणाली. “त्यांचा अजून कुनी काढला नाय.”

हातातला ब्लेझर घेऊन मी तिच्याशेजारी बसले. त्या कोटाबद्दल ती इतक्या वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

आबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की म्हणायचे, मी काय पुढारी हाय का. फोनवर फोटो काढायची सवय तोवर आमच्या घरात आली नव्हती. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते आहेत, पण डोक्यावर भाड्याचा गुलाबी फेटा आणि दर फोटोत नजर भलतीकडं: आचाऱ्याकडं, मंडपाच्या दोरीकडं, जेवायच्या राहिलेल्या माणसांकडं. दहाव्याला बॅनर तर लागणार होता. आमच्या भागात माणूस गेला की चौकात त्याचा बॅनर लागतोच, आणि त्याच फोटोची पुढं तसबीर होते. शेवटी भावानं बँकेच्या पासबुकावरचा फोटो काढून दिला. बँकेतल्या कुणीतरी टोपी काढायला लावलेली, म्हणून त्यात आबा बोडके. आणि बँकेचा गोल शिक्का अर्धा कागदावर, अर्धा त्यांच्या छातीवर.

लासूरच्या फोटोवाल्याला चेहरा मोठा करता आला. शिक्का काही निघेना. मग त्यानं कपडेच बदलले. त्याच्याकडं कॉम्प्युटरवर तयार कोट होते, काळा, निळा, तपकिरी. रडून रडून डोळे सुजलेल्या माझ्या भावानं काळा निवडला, वर लाल टायही निवडला. बाप साहेबासारखा दिसू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चौकात बॅनर लागला तेव्हा लोक बघून हळहळले. जन्मभर नेहरू शर्ट, धोतर आणि टोपीत राहिलेला माणूस काळ्या कोटात, लाल टायमध्ये, बोडक्या डोक्यानं गावाचा निरोप घेत होता. मी तेव्हा बघितलं आणि काही वाटून घेतलं नाही. रडायचं होतं, ते रडले.

माय इथं राहायला आली तेव्हा भावानं त्या तसबिरीची एक प्रत तिच्यासोबत दिली. तिनं ती कपाटात ठेवली, काच आतल्या बाजूला करून. मला वाटलं, बघवत नसेल बिचारीला. पितरांच्या दिवशी मी ती काढून पाटावर ठेवायची, हार घालायची, नैवेद्य दाखवायची. माय नमस्कार करायची तेव्हा डोळे मिटून घ्यायची. तेही मी दुःखाच्याच खात्यात टाकलं होतं.

आता तिनं सांगितलं. दिवाळीला लासूरला गेलो होतो तेव्हा भावाची नात तसबिरीसमोर उभी राहून विचारत होती, पणजोबा मोठे साहेब होते का. भाऊ हसत म्हणाला, होते तर. सगळे हसले. मायला तेव्हापासून ते लागून राहिलं होतं.

“मी हाय तवर सांगते, हे नव्हं,” माय म्हणाली. “मी गेल्यावर कोन सांगल?”

मी म्हटलं, बघू. दिवसभर थकलेल्या माणसाचा तो हुकमी शब्द आहे. दारातल्या दूधवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तोच देते.

“बघू नगं. तू फोटोवाल्याकडं चाललीच हाईस. घालता येतो तर काढताबी येत असंल. इचार त्याला.”

शनिवारी नेमका पाण्याचा दिवस निघाला. आमच्या गल्लीत पाणी कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक, आणि आलं की लग्नघर होतं. टाकी, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली. नवऱ्यानं मोटर धरली आणि मी जिन्यावरून पाणी चढवलं. त्यामुळं फोटोसाठी निघाले तेव्हा माझे केस ओले होते, ते तेल-शाम्पूनं नव्हे, घामानं. हे पाण्याला थांबले आणि मी मायला घेऊन रिक्षात बसले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तसबीर. मायच्या मांडीवर एक कापडी पिशवी. ती माझ्याकडं दे म्हटलं तर दिली नाही. औषधं असतील म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

औरंगपुऱ्यातला तो स्टुडिओ जुना आहे. मालक साठीकडं झुकलेले, पोट सुटलेलं, बोलण्याची हौस दांडगी. पडद्याआड आरसा होता, दोरीला बांधलेला कंगवा होता, पावडरीचा डबा होता. मी फिकट शर्ट घातला, वरून ब्लेझर. पाठीतून शिवण उसवायला आली, तेव्हा मालकांनी ती मागं चार चिमट्यांनी पकडली आणि पुढून बटण लावूच नका म्हणाले. हनुवटी खाली, खांदे सैल, थोडं हसा. मी माफक हसले.

तो फोटो आता कंपनीच्या भिंतीवर लागला आहे. पाहुणे येतात, त्याखालच्या सोफ्यावर बसतात आणि आपापल्या फोनमध्ये बघतात. मी रोज सकाळी तिथून जाते आणि त्या बाईला ओळख देत नाही.

“कपड्यांची फिकर नक्कोच करायची, मॅडम,” मालक फोटो दाखवता दाखवता म्हणाले. “ड्रेसमध्ये आला असता तरी चाललं असतं. कोट मी मागून टाकला असता. आता कॉम्प्युटर काय बी घालतो.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मायनं मान वर केली. मी टॉवेल सोडून तसबीर पुढं केली आणि सगळी हकिगत सांगितली.

मालकांना अडचण अशी वाटलीच नाही. त्यांनी तसबिरीचा फोटो घेतला, चेहरा तेवढा वेगळा केला, आणि काही मिनिटांत काळा कोट आणि लाल टाय गेले. इतक्या वर्षांचा कोट असा एका बोटानं गेला याचा मला जरा रागच आला. आबांचं नुसतं डोकं पडद्यावर राहिलं. मालकांनी खाली पांढरा शर्ट बसवला. कडक कॉलर, झगझगीत पांढरा.

माय जवळ आली. बघितलं. “हे चेअरमन दिसतेत,” म्हणाली.

दुसरा बसवला, बिनकॉलरचा, पुढं बारीक नक्षी. तो नवरदेवाचा ठरला. तिसरा साधा होता. मालकांनी टोपीही घातली, सरळ, कडक, जत्रेतल्या खेळण्यासारखी. मी म्हटलं, माय, हा बराय की. मला घरी जायचं होतं. पाणी किती चढलं असेल, वरची टाकी भरली असेल का, पोळ्यांची कणीक मळायची आहे, हे सगळं डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या शर्टात मला आबा दिसायला लागले होते. की दिसावेत असं मी ठरवलं होतं, कोण जाणे.

“हा शर्ट कुनाचाय?” मायनं विचारलं.

मालक म्हणाले, कुणाचा नाही आजी, कॉम्प्युटरचा आहे.

“मंग तेच म्हनते मी,” माय म्हणाली, आणि खुर्चीवर बसून पिशवीची गाठ सोडायला लागली.

आमच्यात माणूस गेला की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. आबांचे कपडे भावानं दिवस संपताच वाटून टाकले होते, सालगड्याला, शेजाऱ्यांना. मी स्वतः गाठोडी बांधली होती. पण पिशवीतून मायनं काढला तो आबांचाच नेहरू शर्ट होता. गावातल्या शिंप्याकडचा, जाड कापडाचा, धुऊन धुऊन दुधावरच्या सायीच्या रंगाला आलेला. छातीच्या खिशावर चुन्याच्या डबीचा गोल वण तसाच उमटलेला. त्याच्या आत घडी करून टोपी. आम्ही गाठोडी बांधली त्या दिवशी हा शर्ट दोरीवर ओला होता, म्हणून राहिला, असं ती म्हणाली. नंतर द्यायला जमलं नाही. डांबराच्या गोळ्या घालून तिनं तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता आणि आमच्याकडं येताना बरोबर आणला होता. माझ्याच घरात, माझ्याच कपाटाशेजारी तो इतके दिवस होता.

मालकांनी शर्ट हातात घेतला, उजेडात धरला. म्हणाले, खुंटीला लावून फोटो काढता येईल, पण खुंटीला लावलेला शर्ट खुंटीचाच दिसतो. कुणाच्या तरी अंगावर पाहिजे. मग त्यांनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. यांना बोलवावं का, असं माझ्या मनात आलं. पण हे सडपातळ, यांच्या अंगावर आबांचा शर्ट म्हणजे पोत्यात काठी.

माय माझ्याकडं बघत होती.

“तू घाल,” ती म्हणाली. “तुझं हाड त्यांचंच हाय.”

मेलेल्या माणसाचा कपडा घरातल्यांनी घालू नये म्हणतात, आणि हे मला मायनंच शिकवलेलं. तरी शर्ट हातात घेऊन मी पडद्याआड गेले. ब्लेझर काढला तेव्हा पाठीवरचे चिमटे खाली पडले. शर्ट डोक्यातून घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याच्या खाली साबणाचा, आणि त्याच्या खाली काही नाही. आबांचा वास केव्हाच गेला होता. तो येईल अशी आशा मला होती, हे तो आला नाही तेव्हा कळलं. पण खांदे बसले. कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही, शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर. जन्मात कुठला शिवलेला कपडा मला असा बसला नव्हता. मला रडू आलं. दमले होते म्हणून आलं असं सांगता येईल, पण आबांची आठवण येऊन आलं. इतक्या वर्षांत त्यांची आठवण काढायलासुद्धा सवड लागते असं मी धरून चालले होते.

डोळे पुसून, अंबाडा टोपीत कोंबून मी बाहेर आले. मालक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. स्टुलावर बसले. आता सूचना मायच्या. वरची गुंडी उघडी ठेव, ते कधी लावत नव्हते. टोपी डावीकडं जरा. अजून जरा. तेवढी नगं.

“ताठ नगं बसू,” ती म्हणाली. “कुनी काय सांगायलंय आन् ऐकायलेत, असे बसायचे ते.”

मी तशी बसले. मला ते जमलं, कारण मीही तशीच बसते. बैठकांमध्ये साहेब म्हणतात, मॅडम, तुमचं काही ऑब्जेक्शन आहे का. फ्लॅश पडला. मालकांनी कॉम्प्युटरवर माझा चेहरा पुसला आणि तिथं आबांचा ठेवला. मान जुळवली, रंग जुळवला, टोपीची सावली कपाळावर ओढली. मी तो शर्ट तसाच अंगात ठेवून त्यांच्या मागं उभी होते. खांदे माझे, छाती माझी, खिशावरचा गोल वण आबांचा, आणि वर आबा. बँकेत टोपी काढायला लावली म्हणून जरा रागावलेले, तेवढा राग राहिलाच होता.

मायनं बघितलं. मग तिचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला, कपाळापर्यंत. आबा बाहेरून घरात आले की ओढायची, अगदी तसा. गेल्या बारा-तेरा वर्षांत तिला असा पदर ओढताना मी पाहिलं नव्हतं.

“व्हय,” ती म्हणाली. “हे ते.”

मालकांनी विचारलं, किती मोठी कॉपी करायची, फ्रेम कोणती. मी म्हटलं दोन करा, एक लासूरला पाठवायची आहे. माय मध्येच म्हणाली,

“आता माझा काढा. यांच्या शेजारी लागंल असा.”

मायचा फोटो काढायचा विषय आम्ही भावंडं घाबरून कधी काढत नव्हतो. काढला असता तर तिला काय वाटलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि ती सकाळपासून तयार होती. तेव्हा कुठं मी नीट बघितलं, तिनं काय नेसलं आहे. रोजचंच हिरवट इरकल लुगडं, धुतलेलं, हातानं दाबून सुरकुत्या काढलेलं. कपाट उपसलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. कपाळ आबा गेल्यापासून मोकळं, ते तसंच.

मी तिला धरून स्टुलावर बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून खाली पाट सरकवला. मालक म्हणाले, आजी, पदर थोडा मागं घ्या, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या. तिनं घेतला नाही. मग म्हणाले, इकडं बघा, कॅमेऱ्यात बघा. ती बाजूला बघत होती. तिकडं टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्यावर आबा तसेच होते, ऐकत बसलेले.

मालकांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, बघू द्या तिला तिकडंच, तसाच काढा.

त्यांनी काढला.